मन लागायची वाट बघू नको

काल रात्री अकराला तुझा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी ओटा पुसत होते. अडीच मिनिटांच्या मेसेजमध्ये तू बोललीस तीनच वाक्यं. "ताई, मन लागत नाही गं. पाचचा गजर वाजतो आणि उठूच वाटत नाही. देवळ्यात असताना असं नव्हतं." बाकी सगळं नाक ओढणं. लगेच फोन नाही केला, कारण तुझ्या खोलीत आणखी तिघी झोपलेल्या असतात आणि असल्या गोष्टी पांघरुणात तोंड खुपसून बोलता येत नाहीत. म्हणून लिहितेय. प्रॅक्टिसला जायच्या आधी वाचू नको. जाऊन ये, अंघोळ कर, काहीतरी खा, मग वाच.

सिलेक्शन झालं त्या दिवशी मामानं, म्हणजे तुझ्या बाबांनी, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आपल्या कसमादे पट्ट्यात पोरींनी खेळायचं म्हणजे खो-खो, कबड्डी, नाहीतर पळायचं, असं अजूनही धरून चालतात. त्यात तू बास्केटबॉल खेळायला नाशिकच्या कॉलेजात गेलीस. अभिमान मलाही वाटला, अजून वाटतो. पण राणी, ट्रायलच्या दिवशी सरांनी तुला पहिला प्रश्न कोणता विचारला होता, आठवतं? उंची. पाच फूट नऊ इंच म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या सरांकडे बघितलं, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. उंची तुला आजोबांकडून आली. तुझा ले-अप तेव्हा दहातला चारदा बसत होता आणि डाव्या हातानं ड्रिबल जमतच नव्हतं. म्हणजे त्यांनी तुझा खेळ बघून घेतलं नाही, पुढं होऊ शकेल असा खेळ मनात धरून घेतलं. त्यांनी तुझ्यावर आशा लावलीय. तू मात्र सिलेक्शनला बक्षीस समजून बसलीस आणि आता रोज पहाटे त्या बक्षिसाचा हप्ता फेडावा लागतोय, म्हणून तुला जड जातंय.

सतनाम सिंगचं नाव तुला ठाऊक असेल. पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा, सात फुटांच्या वर उंची. लुधियानाच्या अकादमीत घडला, 2010 मध्ये पोरवयातच अमेरिकेत फ्लोरिडाला शिकायला गेला. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. देशभर बातम्या झाल्या. आणि तरीही एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. तिथवर जाणंच आपल्याकडच्या कुणाला जमलं नव्हतं, त्यामुळे त्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. यादीत नाव येणं आणि अंगावर जर्सी चढवून मैदानात उतरणं यात केवढी वाट असते, एवढंच तुला दाखवायचंय.

आता मन लागण्याबद्दल. तू रात्री झोपताना ती मोटिव्हेशनची रील्स बघतेस, मला माहितीय, कारण त्यातली निम्मी मलाच पाठवतेस. पावसात पळणारी माणसं, मागे ढोल, इंग्रजीत गरजणारा आवाज. बघताना अंगावर काटा येतो आणि पहाटे पाचला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. मला वाटतं, आपण सगळ्यांनी हा क्रमच उलटा धरलाय. आधी मन लागेल, मग काम होईल, असं म्हणत बसतो. माझ्या अनुभवात मन कामाच्या मागून येतं, आणि तेही अर्धा तास उशिरा.

तुला गंमत सांगू, तू जो खेळ खेळतेस तो मुळात मन न लागणाऱ्या पोरांसाठीच काढलेला आहे. 1891 चा डिसेंबर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती. बाहेर बर्फ, म्हणून कसरती आत हॉलमध्ये. अठरा जणांचा एक वर्ग त्या कवायतीला इतका विटला होता की आधीच्या दोन मास्तरांनी हात टेकले. मग तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तरुण मास्तरांकडे आला. काहीतरी नवं काढायला त्यांना चौदा दिवस मिळाले. त्यांनी पोरांना उपदेश केला नाही. पीचची फळं ठेवायच्या दोन टोपल्या मिळवल्या, सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडून चेंडू हातात दिला. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही तुझी रिंग 3.05 मीटरवर आहे. त्या पहिल्या सामन्यात चेंडू टोपलीत गेला फक्त एकदा. अख्ख्या सामन्यात एकदा! आणि तरी ती पोरं पुन्हा खेळू द्या म्हणून मागे लागली. लगोलग स्मिथ कॉलेजच्या सेन्डा बेरेन्सन या शिक्षिकेनं हा खेळ मुलींना शिकवला. 1893 च्या मार्चमध्ये तिथं मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपण कुणाच्या खेळात आगंतुक म्हणून घुसलेलो नाही, जवळजवळ पहिल्या दिवसापासून आहोत.

तेव्हा तूही मनाची समजूत घालत बसू नको. त्याच्या हातात काम दे. रात्री बुटांच्या नाड्या सैल करून ठेव, बाटली भरून ठेव, मोजे बुटात घालून ठेव. पहाटे गजर वाजला की मनाला काही विचारायचं नाही, पाय खाली टाकायचे. आणि रोजची प्रॅक्टिस संपली की सगळ्या निघून गेल्यावर पन्नास फ्री थ्रो. पन्नासच, एकावन्न नको. किती बसले ते लिहून ठेवायचं.

मी कॉलेजात खेळायचे तेव्हा हे आकडे कशावर लिहायचे, सांगू? बाबांच्या कांद्याच्या हिशोबपट्ट्यांवर. उमराण्याच्या मार्केटात कांदा विकून बाबा आले की त्या पट्ट्या खिळ्याला टोचून ठेवायचे. वर्ष सरलं की त्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा माझा. पुढच्या बाजूला वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली हाती आलेली रक्कम. मागच्या बाजूला माझ्या अक्षरात, 50 पैकी 19. 50 पैकी 22. मग 17, मग पुन्हा 17. दिवाळीपासून होळीपर्यंत जेमतेम 31 वर पोचले. अजून तो गठ्ठा माझ्याकडे आहे. कधी पट्टी उलटून बघते तर ज्या 17 वर मी रडले होते त्याच पट्टीच्या पुढच्या बाजूला कांद्याचा भाव असा पडलेला की बाबांना गाडीभाडं सुद्धा सुटलं नसणार. ते घरी येऊन जेवले होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निवडायला बसले होते. मला तेव्हा कळलं नव्हतं.

तू म्हणतेस देवळ्यात असं नव्हतं. बरोबर आहे, नव्हतंच. शेताला रात्रपाळीची लाईट असायची तेव्हा तू बारावीत असताना मामाबरोबर रात्री दोनला बॅटरी घेऊन बारं द्यायला गेलेली पोरगी आहेस. थंडीत, चिखलात, अनवाणी. तेव्हा मन लागतंय का, असं तुला कुणी विचारलं नाही आणि तूही स्वतःला विचारलं नाहीस. मग आता काय झालं? आळशी झालीस का? मुळीच नाही. शेतात पाण्याची एक पाळी चुकली तर आठ दिवसांत कांद्याची पात पिवळी पडलेली डोळ्यांना दिसते. प्रॅक्टिसची एक पहाट चुकली तर काहीच दिसत नाही. रिंग तिथंच, तूही तीच, सर फार तर एकदा ओरडतात. जे वाळतं ते आत वाळतं आणि दोन महिन्यांनी सामन्यात कळतं. म्हणून तो आकडा लिहायचा. आकडा म्हणजे तुझी पिवळी पडलेली पात, रोजच्या रोज दिसायला हवी.

आता मी आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट. कॉलेजच्या संघात पहिल्या वर्षी मला एकाही सामन्यात उतरवलं नव्हतं. मी बाकावर बसायचे तोंड पाडून, पायात टॉवेल गुंडाळून. एखादीचा पास चुकला की मनातून बरं वाटायचं. मग गुडघा दुखतो असं सांगून पहाटेच्या प्रॅक्टिसा बुडवायला लागले. गुडघ्याला काही झालं नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या यादीत माझं नाव नव्हतं. का नाही, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. घरी मात्र "तिथं शहरातल्या पोरींनाच घेतात" असं सांगितलं. मामा अजून तेच खरं धरून चालतो. तिसऱ्या वर्षी परत आत आले, पण ते मधलं वर्ष गेलं ते गेलंच.

बाकावरून आठवलं, अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएम्मा. त्यांच्या हाताखाली त्या संघानं 2025 पर्यंत 12 वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलंय. तिथं शाळेतल्या पोरी हेरून, शिष्यवृत्ती देऊन आणतात, एकीपेक्षा एक सरस. त्यांची एक मुलाखत मी पाहिली. सामन्याचं चित्रण बघताना आपण बाकावर काय चाललंय तेही बघतो, असं ते सांगत होते. जिचं लक्ष खेळात नाही, जी स्वतःतच गुरफटून बसलीय, तिला मैदानात उतरायला मिळत नाही, मग ती कितीही चांगली खेळू दे. ती मुलाखत मी अठराव्या वर्षी बघितली असती तर, असं मला नेहमी वाटतं. तुझे सर चित्रण बघत नसतील, पण बाक त्यांनाही दिसतो. पाणी दे, टाळ्या वाजव, समोरच्या संघाची पाच नंबर कुठल्या हातानं जाते ते बघून आपल्या पोरीला सांग. बाकावर बसून केलेलं हे कामसुद्धा खेळच आहे.

आता आपल्या जवळचं उदाहरण घे. देवळ्याहून भावडबारीचा घाट उतरून खाली गेलीस की आपल्या शेजारचा चांदवड तालुका. तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधला भारताचा एकमेव नौकानयनपटू. त्याचं नाव सगळे घेतात, पण सुरुवात कुठून झाली ते विसरतात. गाव दुष्काळी. वडिलांबरोबर विहिरी खणायला जायचा, शिकता शिकता पेट्रोल पंपावर काम करायचा. वडील गेले, घर त्याच्यावर आलं, आणि 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला. ऑलिंपिकसाठी नव्हे गं, पगारासाठी. होडी तर त्यानं मनातही धरली नव्हती. तिथं त्याची उंची बघून त्याला नौकानयनात घातलं. उंची बघून, तुझ्यासारखंच! पुढं चार वर्षांत रिओ. आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली, आणि हा तयारीत. 2000 मीटरच्या शर्यतीत एकट्याच्या होडीत तो जगात तेरावा आला.

मला त्याची रिओपेक्षा 2018 च्या आशियाई स्पर्धेतली गोष्ट जास्त जवळची वाटते. पालेमबांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सगळ्यात शेवटी आला. अंगात बरं नव्हतं. पदकाची आशा धरलेल्या माणसाला सगळ्यांच्या मागून कसंबसं काठाला लागावं लागलं. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तो चौघांच्या होडीत बसला आणि त्यांनी सुवर्णपदक आणलं. आदल्या रात्री त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला ठाऊक नाही. पण सकाळी त्याची वल्ही पाण्यात होती, आणि बाकीच्या तिघांना ती हवी होती. तू एकटीनं खेळत नाहीस, पोरी. तुझ्या पहाटेवर आणखी अकरा जणींचा हक्क आहे.

यातूनच दुसरं सांगते. "मी नोकरीसाठी खेळते, मला खेळाचं तसं वेड नाही, म्हणून मन लागत नसेल" असं तू मागं एकदा म्हणाली होतीस. नोकरीसाठी खेळण्यात लाज कसली? दत्तू पगारासाठीच गेला होता. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि शेतकऱ्याच्या पोरीनं त्यावर डोळा ठेवला तर तिनं बरोबरच केलं. फक्त नीट माहिती घे. कुठलंही सर्टिफिकेट तिथं चालत नाही. स्पर्धा कोणती, पदक कोणतं ते बघतात आणि क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. कॉलेजच्या संघातून विभागीय, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा बारा जणींचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. शिडी लांब आहे, बी.कॉम. सोडून चढायची नाही. शिकणं आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी आधी लिहिणार होते, पण मग तू एवढंच वाचलं असतंस आणि उरलेलं सोडून दिलं असतंस. उठवत नाही, दम लागतो, जिना चढताना छाती धडधडते, डोकं जड होतं, हे सगळं तू गेल्या महिनाभरात वेगवेगळ्या वेळी मला सांगितलंयस. हे मन न लागणं नसेल कदाचित. हे रक्त कमी असणं असू शकतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघाला. शंभरात सत्तावन्न! म्हणजे तुमच्या संघातल्या बारा जणींपैकी सहा-सात जणी रक्त कमी असताना धावत असतील आणि सर त्यांना आळशी म्हणत असतील. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं की ते कमी. सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं. कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील, त्या पोट बिघडतं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायच्या. जेवल्या जेवल्या चहा पिणं बंद कर, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवणावर लिंबू पिळ. मामीनं दिलेले गूळ-शेंगदाण्याचे लाडू खोलीत वाटून संपवलेस, ठीक आहे, पण हरभरे भिजत घालायला काय लागतं? मेसमध्ये अंडं मिळतं, खातेस ना, मग घे. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नको.

आणि झोप. अकराला मेसेज करून पाचला उठायचं हे गणित कुणालाच जमणार नाही.

गुडघ्याचंही लक्षात ठेव. उडी मारून उतरताना, पळता पळता एकदम वळताना आतला एसीएल नावाचा बंध फाटतो, आणि हे मुलींच्या बाबतीत मुलांपेक्षा जास्त होतं. रिबाउंड घेऊन उतरताना गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर उतर. सरांना सांगून उतरायचा सराव वेगळा करून घे. खरंच दुखलं तर लगेच बोल. मी खोटं दुखणं सांगत होते, म्हणून तू खरं लपवू नको.

एक गोष्ट मोठी बहीण म्हणून सांगायलाच हवी. कष्ट सोसायचे, अपमान सोसायचा नाही. सर मैदानावर ओरडले, शंभर चकरा मारायला लावल्या, तर मार. पण कुणी अंगाला नको तसा हात लावला, एकटीला बोलावलं, तुझ्या शरीरावरून बोललं, तर संघातलं स्थान, सर्टिफिकेट, काही काही बघायचं नाही. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, 2013 च्या कायद्यानं ती असावीच लागते. आणि समितीच्या आधी मला फोन करायचा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

संघ सोडावासा वाटला तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मेसेजमध्ये ते होतं. सोडता येतं. त्यात पाप नाही, मामा पेढ्यांचे पैसे मागणार नाही. पण वाईट दिवशी सोडायचं नाही. रक्त तपासून, औषध घेऊन, दोन महिने पन्नास फ्री थ्रो लिहून झाले, आणि तरीही मैदानात पाय टाकताना काहीच वाटलं नाही, तर आपण दोघी बसून ठरवू आणि मामाशी मी बोलेन.

सोमवारी सकाळी प्रॅक्टिसवरून थेट दवाखान्यात जा. रिपोर्टचा फोटो मला पाठव, मामीला नको, ती उगाच घाबरेल. तिला नुसता फोन कर. सध्या चाळीतला कांदा निवडायचं चाललंय, रात्री नऊनंतर मोकळी असते.